खोली आवरणाऱ्याचं देणं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचा हिशेब मांडला जातो. पेट्रोल, एक्स्प्रेस वेचा टोल, खोलीचं भाडं, बोटिंग, घोडा, महाबळेश्वरहून आणायचा जाम. या हिशेबात खोली साफ करणाऱ्या माणसाच्या नावाची ओळ मात्र कधीच नसते.

सामान उचलणाऱ्याला आपण वीस-पन्नास देतो, कारण तो दारात घुटमळतो. वेटरला देतो, कारण बिल आणि बडीशेप ठेवून तो शेजारी उभा असतो. गाडी लावणाऱ्याला देतो, कारण किल्ली त्याच्या हातात असते. आणि आपण फिरायला गेल्यावर जो आत येतो, परतायच्या आत निघून जातो, त्याला? शून्य. म्हणजे आपण कामाचं मोल करतच नाही. समोरच्याची भीड पडली तरच आपला हात खिशात जातो!

त्याचं काम एकदा नीट बघा. एका पाळीत बारा-पंधरा खोल्या ही बऱ्याच हॉटेलांतली नेहमीची गोष्ट. त्यातली चेकआउटची खोली सगळ्यांत कठीण. अकराला एक कुटुंब जाणार, दुपारी दुसरं येणार. मधल्या वेळात चादरी, अभ्रे, रजईच्या खोळी बदलायच्या, जड गादी उचलून चादरीचे कोपरे खोचायचे, संडास घासायचा, जाळीत अडकलेले केस काढायचे, आरशावरचे पेस्टचे शिंतोडे पुसायचे, चहासाखरेच्या पुड्या मांडायच्या. आणि आपण मागे काय ठेवून जातो? समुद्रावरची वाळू गादीत, ओली मेंदी चादरीवर, डोक्याचं तेल उशीवर आणि चहाच्या किटलीत शिजवलेली मॅगी. लग्नाचं वऱ्हाड उतरून गेलेल्या खोल्यांबद्दल तर बोलायलाच नको. हळदीचा डाग निघाला नाही तर सुपरवायझरची बोलणी पुन्हा त्यालाच. पुष्कळ ठिकाणी ही मुलं, या बायका हॉटेलच्या नोकरीतही नसतात; ठेकेदाराकडे असतात. हंगाम संपला की काम संपलं.

आपण कंजूष नाही. दिवाळीची पोस्त आपल्याकडे आजही दिली जाते. वॉचमन, पोस्टमन, कचरा नेणारे, सगळ्यांना. पण गावाबाहेर पडलो की हा रिवाज घरीच राहतो. शिवाय संडास घासणाऱ्याकडे न बघण्याची आपली सवय फार जुनी आहे, आणि ती कुठून आली हे महाराष्ट्राला सांगायला नको. याच महाराष्ट्रात गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. पंढरपुरात, नाशकात, मुंबईत त्यांनी परक्या वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाचं स्वच्छता अभियान आपण चालवतो, भिंतीवर तसबीर लावतो आणि बाथरूम धुणाऱ्या पोराचं नावही विचारत नाही. त्याच्या छातीवर ते लिहिलेलं असतं!

आता कुणी म्हणेल, पगार मालकाने द्यावा, भुर्दंड आम्हाला का? प्रश्न रास्त आहे. २०१४ साली मॅरियटने अमेरिका-कॅनडातल्या एक लाख साठ हजार खोल्यांत टिपसाठी पाकिटं ठेवायला घेतली, तेव्हा तिथल्या लोकांनीही हेच सुनावलं होतं: आधी तुम्ही पगार वाढवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा हॉटेल कामगारांविषयीचा १९९१ सालचा १७२ क्रमांकाचा करारही सांगतो की टिप मिळो न मिळो, मूळ वेतन ठरल्या वेळी मिळालंच पाहिजे. तेव्हा पगारासाठी अवश्य भांडा. पण हा युक्तिवाद फक्त पाकीट न उघडण्यासाठी करणार असाल, तर तो मालकापेक्षा तुमच्याच सोयीचा आहे.

दुसरी सबब सर्व्हिस चार्जची. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावायचा नाही. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. लावलाच तर काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ वर तक्रार करा. आणि वाचलेले पैसे ज्याने राबून खोली लखलखीत केली त्याच्यापर्यंत पोचवा.

कसे? निघायच्या दिवशी एकदम नको, रोज सकाळी द्या. आज आवरणारा उद्या सुट्टीवर असेल, आणि शेवटच्या दिवसाचे पैसे भलत्याच्याच हाती पडतील. नोट टेबलावर नुसती टाकू नका. पाहुण्याच्या पैशाला हात लावला असा आळ येईल या धास्तीने ती कुणी उचलणार नाही. कागदावर ठळक लिहा, ‘खोली साफ करणाऱ्यांसाठी, धन्यवाद’, आणि नोट त्यात ठेवा. पॅसेजमध्ये ट्रॉलीपाशी भेटले तर उत्तमच. ‘दादा’, ‘मावशी’ म्हणून हातात द्या, शक्यतो मुलांच्या हातून. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर पाठवू नका, ते पैसे हॉटेलच्या खात्यात जातात. रोख देण्यासाठी घरून निघतानाच सुट्ट्या नोटा घ्या. किती? साध्या हॉटेलात रात्रीला पन्नास, मोठ्या हॉटेलात शंभर-दोनशे, हे माझं मत. जपानसारख्या देशात टिपेची रीत नाही, तिथे खोली नीटनेटकी सोडा. ओले टॉवेल एका जागी गोळा करून ठेवायला मात्र कुठल्याच देशात पैसे पडत नाहीत.

आणि सहल कंपन्यांनो, तुमच्याकडूनही काही हवं आहे. ड्रायव्हर आणि गाइडची टिप तुम्ही आधीच गोळा करता. यंदाच्या पत्रकात खोली सफाईची ओळही छापा, आणि ते पैसे कुणाच्या हाती गेले हे शेवटच्या दिवशी बसमध्ये माइकवरून सांगा. प्रवाशांनो, बुकिंगचा चेक लिहिण्याआधी ही ओळ पत्रकात आहे का ते बघा. नसेल तर तिथेच, ऑफिसात बसून, चार लोकांसमोर विचारा.