‘फक्त रंगच तर वेगळा आहे’ : एका बेफिकीर वाक्याची किंमत

गोड्या पाण्यातला एखादा वेगळ्या रंगाचा मासा गळाला लागला की पुढचा क्रम ठरलेला असतो. छायाचित्र पसरते. कोणी त्याला ‘दुर्मीळ’ म्हणतो, कोणी ‘चमत्कार’, तर कोणी थेट ‘नवी प्रजाती’ जाहीर करून टाकतो. मग एखादा जाणकार येतो, ‘रंगावरून प्रजाती ठरत नाही, फक्त रंगच तर वेगळा आहे’ असे बजावतो आणि चर्चा तिथेच मिटते. पहिली प्रतिक्रिया उतावळी आहे, हे विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळते. दुसरी प्रतिक्रिया ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते, म्हणूनच ती अधिक घातक आहे. तिचा परिणाम पाहायचा असेल तर कावेरीच्या पाण्यात पाहावे.

आधी रंगाच्या बाजूने आणि विरुद्ध जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. माशाचा रंग त्याच्या त्वचेतील रंगपेशी ठरवतात. काही पेशींत काळे मेलॅनिन असते, काहींत पिवळी-तांबडी द्रव्ये, तर काहींत प्रकाश परावर्तित करणारे सूक्ष्म स्फटिक. जनुकीय बदलामुळे मेलॅनिन तयार झाले नाही, तर एरवी काळसर हिरवा दिसणारा मासा पिवळाधमक होतो. पिवळ्या-तांबड्या छटांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाला स्वतः बनवता येत नाहीत; ती आहारातून येतात. गढूळ पाण्यातला मासा फिका पडतो, गर्द तळावरचा काळवंडतो. विणीच्या हंगामात अनेक माशांचे रंग खुलतात आणि गळाशी झुंज देऊन दमलेल्या माशाचा रंग काही मिनिटांत बदलू शकतो. म्हणजे एकाच प्रजातीला अनेक रंग असू शकतात, हे जाणकाराचे म्हणणे खरेच आहे.

त्याला अमेरिकेतील उदाहरणही आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या एका मत्स्यबीज केंद्रात १९५०च्या दशकात इंद्रधनुषी ट्राउटच्या पिल्लांत पिवळ्या ठिपक्यांचे एक पिल्लू आढळले. त्याच्यापासून निवडपद्धतीने सोनेरी ट्राउटची पैदास झाली आणि १९६३ साली, राज्याच्या शताब्दी वर्षात, हे मासे गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी नद्यांत सोडण्यात आले. दिसायला ते अगदी निराळे, पण प्रजाती तीच. येथे ‘फक्त रंगच वेगळा’ हे विधान शब्दशः बरोबर ठरते.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. एका ठिकाणी रंगभेद वरवरचा निघाला म्हणून सर्वत्र तो वरवरचाच असणार, असे गृहीत धरले जाते. मग रंग तपासण्याचीच काय, साधी टिपून ठेवण्याचीही गरज उरत नाही.

कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर उंच वशिंड असलेला, सोनेरी-काशाच्या छटेचा आणि नारिंगी परांचा एक प्रचंड महाशीर राहतो. जगभरच्या गळकऱ्यांमध्ये त्याची ख्याती शतकाहून जुनी आहे. १९४६ साली कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत म्हैसूरच्या व्हान इंगेन कुटुंबातील एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर पकडला. तो विक्रम आजही सांगितला जातो. एवढ्या गाजलेल्या माशाला एकविसावे शतक उजाडले तरी स्वतःचे निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. दीर्घकाळ त्याला ‘मुसुल्ला’ म्हटले गेले. ते नाव कर्नल साईक्सने १८३९ साली दख्खनच्या एका निराळ्याच माशाला दिलेले होते, आणि तो मासा तर महाशीरांच्या टॉर कुळातलाही नाही.

त्याच साईक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून आणखी एका माशाचे वर्णन केले होते : टॉर खुद्री, म्हणजे निळसर परांचा महाशीर. १९७०च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. तांत्रिकदृष्ट्या ते मोठे यश होते आणि आपल्या मूळ नद्यांत या प्रजातीला त्याचा आधारही मिळाला. पण येथील बोटुकल्या इतर राज्यांतही गेल्या आणि निळ्या परांचा महाशीर कावेरीत पोहोचला. कावेरीत महाशीर होता, लोणावळ्याहून येणाराही महाशीरच होता. मग फरक तो काय? फक्त रंगाचा.

गळकऱ्यांनी मात्र तो फरक टिपला. कावेरीकाठच्या गलीबोरे येथील शिबिरात मासा पकडून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडण्याची शिस्त होती आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदींचे विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महाशीर पकडून सोडले गेले होते. एकूण आकडे पाहिले तर चित्र आनंदाचे होते : दर तासाला सापडणाऱ्या माशांची संख्या वाढत होती आणि सरासरी आकार घटत होता, म्हणजेच नवी पिढी भरपूर येत होती. संरक्षण यशस्वी झाले, असा निष्कर्ष काढून कोणीही तो कागद मिटला असता.

पण त्या वह्यांत एक रकाना जास्त होता. मासा ‘सोनेरी’ की ‘निळ्या परांचा’, हेही लिहिलेले होते. त्या रकान्यानुसार आकडे वेगळे करताच आनंदाचे चित्र उलटे झाले. सारी वाढ निळ्या परांच्या माशाची होती. सोनेरी माशाचा सरासरी आकार मात्र वर्षागणिक वाढत गेला होता. हौशी माणसाला ही आनंदाची बातमी वाटेल. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्याला ती धोक्याची घंटा आहे. पिल्ले येत नाहीत, उरलेले म्हातारे मासे तेवढे गळाला लागतात, असा तिचा अर्थ. एक प्रजाती दुसऱ्या प्रजातीच्या आकड्यांमागे लपून संपत चालली होती.

२०१८ साली शरीररचना आणि डीएनए या दोन्हींच्या आधारे वशिंडी महाशीराची ओळख अखेर पक्की झाली : टॉर रेमादेवी. हे नाव केरळातील पांबार या कावेरी खोऱ्यातल्याच नदीतील माशांवरून आधी दिले गेले होते. त्याच वर्षी ही प्रजाती जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या सर्वांत वरच्या धोक्याच्या वर्गात नोंदली गेली. नाव मिळण्याची आणि मृत्यूच्या दारात उभे असल्याचे कळण्याची वेळ एकच यावी, यासारखी नामुष्की वर्गीकरणशास्त्राच्या वाट्याला क्वचितच आली असेल. आणि २०२० साली देशभर बातमी गाजली ती कोणती? निळ्या परांचा महाशीर धोक्याबाहेर आल्याची! ती बातमी खोटी नव्हती, पण कावेरीपुरती ती अर्धीच होती. यजमानाचे काय झाले हे न विचारता पाहुण्याच्या प्रकृतीचा आनंद साजरा झाला.

यावर काही आक्षेप येतील. वशिंडी महाशीराच्या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि प्रदूषण कारणीभूत नाही काय? आहेच. पण धरण बांधताना नदीचे नुकसान होणार हे निदान कोणीतरी म्हणत असते. बोटुकल्या सोडण्याचा कार्यक्रम संवर्धन म्हणून, हारतुऱ्यांसह होतो. म्हणून त्याची तपासणी अधिक कठोर हवी. दुसरा आक्षेप असा, की हौशी गळकऱ्यांच्या नोंदींना शास्त्रीय किंमत किती? ती किंमत गलीबोरेच्या वह्यांनी दाखवून दिली आहे. किती तास गळ टाकला, किती मासे मिळाले, वजन किती, रंग कोणता, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तर पंधरा वर्षांची वही मोठ्या प्रकल्पाचे काम करते. पुढे अभयारण्यातील गळाच्या मासेमारीवर बंदी आली आणि त्या नोंदीही थांबल्या. बंदीमागचे हेतू काहीही असोत, तिच्याबरोबर नदीवरची एक जागती नजर मिटली आणि तिच्या जागी दुसरी नेमली गेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा : रंग तर फसवा असतो! तो असतोच. ताप हेदेखील फसवे लक्षण आहे. शंभर आजारांत तो येतो. म्हणून तापमापक फेकून देणारा वैद्य कोणी शहाणा मानत नाही. रंग हा निवाडा नव्हे, तो पुरावा आहे, आणि पुराव्याची जागा नोंदवहीत असते. ‘सोनेरी महाशीर’ हे एकच नाव हिमालयातील टॉर पुटिटोरासाठीही वापरतात आणि कावेरीच्या वशिंडी माशासाठीही वापरले गेले, हे पाहिले म्हणजे रंगावर थांबणे किती धोक्याचे ते कळते. रंगापाशी सुरुवातच न करणे किती धोक्याचे, ते कावेरीने दाखवले.

म्हणून मागणी साधी आहे. कोणत्याही नदीत मत्स्यबीज सोडण्यापूर्वी त्या नदीतल्या मूळ माशाची ओळख डीएनएसह पक्की झालीच पाहिजे, आणि सोडलेल्या बोटुकल्यांची संख्या हे यशाचे माप मानणे बंद झाले पाहिजे. वेगळ्या रंगाचा मासा मिळाला तर चमत्काराचा गजर नको आणि ‘फक्त रंगच’ ही तुच्छताही नको : ठिकाण, तारीख, वजन, पाण्याची स्थिती, परांचे स्पष्ट छायाचित्र आणि शक्य तेथे एखादा खवला, एवढे जपून ठेवावे. दहापैकी नऊ वेळा तो जनुकांचा किंवा आहाराचा खेळ निघेल. दहाव्या वेळी तो एखाद्या प्रजातीचा शेवटचा साक्षीदार असू शकतो, आणि साक्षच लिहून घेतली नसेल तर पुढे कोणतीही प्रयोगशाळा ती नव्याने निर्माण करू शकणार नाही.