ओरिजिनलचं सोवळं

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत एक सोवळ्यातला पंथ असतो. गाडीतला स्क्रूसुद्धा ‘ओरिजिनल’ पाहिजे, हा त्यांचा धर्म. खिडक्यांच्या वायरिंगला मी रिले बसवणार म्हटल्यावर या पंथातले आमचे नाना, मी तुळशीवृंदावनात कांदा लावतो आहे अशा नजरेनं पाहू लागले.

माझ्या गाडीच्या काचा बटणावर चालतात. ‘चालतात’ हे आपलं सौजन्यानं. खरं म्हणजे रांगतात. कारण साधं आहे. मोटरला लागणारा सगळा करंट त्या बिचाऱ्या बटणातून जातो. वायर बारीक, त्यातून दाराच्या बिजागरीपाशी वर्षानुवर्षं वाकून पिचलेली. तिचा रोध 0.3 ओहम आणि करंट 10 अँपिअर धरा, की 3 व्होल्ट वाटेतच गडप. निघाले 12, पोचले 9. सरकारी अनुदानच म्हणा ना!

रिले म्हणजे कचेरीतला शिपाई. आजवर साहेब स्वतः गोणी वाहत होते. आता त्यांनी नुसती घंटी वाजवायची, ओझं शिपाई उचलील. बॅटरीपासून जाड वायर, तिला फ्यूज आणि दर काचेला दोन रिले : एक चढायला, एक उतरायला. बटण जुनंच राहतं.

“पण ते ओरिजिनल नाही!” नाना म्हणाले.

“नाना, तुमच्या बायपासच्या वेळी डॉक्टरांना म्हणालात का, की नळ्या जुन्याच राहू द्या?”

नाना चहा प्यायले.

थट्टा सोडा. गेल्या पावसाळ्यात काच वर जाऊन अडकली ती अडकलीच. मागे ऐंशीची आई. म्हणाली, “अरे, काहीतरी करपतंय रे!” बटण जळत होतं. वास मात्र अगदी ओरिजिनल!

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली. बुडत्या गाडीत रिलेही दगा देईल, हे मलाही कळतं. म्हणून टोकदार हातोडी हाताशी ठेवली आहे. वेळ आलीच तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात हाणायला. नानांच्या मते तीही ओरिजिनल नाही.

नसेना! गाडी काय, पार्ट बदलून चालेल. आईच्या बाबतीत मात्र मी कट्टर ओरिजिनलवादी आहे.