हायड्रोजन वाहनांत कीं खतांत?

हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांची वार्ता अलीकडे वारंवार कानीं येते. ता. २१ ऑगस्ट २०२२ रोजीं पुणें येथें केपीआयटी कंपनी व वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनीं तयार केलेली हायड्रोजनची बस लोकांस दाखविण्यांत आली. पुढें जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय अभियानास १९,७४४ कोटि रुपये मंजूर केले. असल्या वाहनांतून धुराऐवजीं पाण्याची वाफ निघते, हें स्तुत्यच होय. तथापि कोणतीहि नवी वस्तु पत्करण्यापूर्वीं कास्तकार बंधूंनीं तिचा जमाखर्च मांडून पाहावा.

हरित हायड्रोजन म्हणजे विजेनें पाणी फोडून काढलेला वायु. त्याच्या एका किलोस सुमारें ५५ युनिटें वीज लागते. युनिटास ५ रुपये धरले तर विजेचेच २७५ रुपये झाले. यंत्रांची किंमत, जाड टाक्या, वाहतूक, आणि बसकरितां हवेच्या दाबाच्या ३५० पट व मोटारीकरितां ७०० पट दाबून वायु भरण्याचा खर्च निराळाच. इतकें करून त्या किलोंतून वाहनास अवघीं १६-१७ युनिटें मिळतात. तेंच काम बॅटरीवर सुमारें २० युनिटांत, म्हणजे १०० रुपयांच्या विजेंत होतें. विजेच्या खर्चांतच पावणेतीनपट अंतर पडलें!

बॅटरी जड असते व ती भरण्यास वेळ लागतो, असा आक्षेप कोणी घेईल. लांब पल्ल्याच्या मालट्रकांपुरता तो रास्त आहे. परंतु तिवसा येथून संत्रा अमरावतीच्या बाजारांत नेऊन त्याच दिवशीं परतणाऱ्या गाडीस तो फारसा लागू पडत नाहीं.

मग हायड्रोजन निरुपयोगी काय? मुळींच नव्हे. आपण पऱ्हाटीस जो युरिया देतों, तो अमोनियापासून होतो, आणि अमोनियास हायड्रोजन लागतोच. थळ येथील राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यांत तो नैसर्गिक वायूपासून काढतात. ह्या वायूचा मोठा भाग देशास परदेशांतून आणावा लागतो. २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धांत वायूचे भाव भडकले, तेव्हां जगभर खतेंहि महागलीं. गाडीस बॅटरीचा पर्याय आहे. खतास तसा पर्याय नाहीं.

हरित हायड्रोजन खतासहि तूर्त महागच पडतो. यास्तव तो भार सरकारनें उचलावा, व सरकारी पैसा प्रथम खताच्या हायड्रोजनकडे जावा, असें माझें मत आहे. आपल्या सोसायट्यांनीं तसा ठराव करून वर पाठवावा. वाहनांचे प्रयोग शहरांत खुशाल होऊं द्यावेत; परंतु पंप, दुरुस्ती व परवडणारा भाव हीं तिन्ही तालुक्यास पोहोंचेपर्यंत कोणीं जमीन गहाण टाकून त्यांच्या नादीं लागूं नये.

— एक निवृत्त महसूल कारकून, तिवसा