घरबसल्या पदव्युत्तर शिक्षण : आपली पदवी आपणच बेतावी

गेल्या वर्षीं वैशाखांत शेजारच्या मळ्यांतील एक तरुण संध्याकाळीं आमच्याकडे आला. मुलगा शेतकीची पदवी घेतलेला. वडील वारल्यामुळें कृष्णाकांठची चार एकर जमीन स्वतः करणारा. त्या चारांपैकीं सव्वा एकर चोपण झाली आहे. तेथें उंसाचा कोंब वीतभर वाढून पिवळा पडतो आणि उन्हाळ्यांत वरंब्यांवर पांढरी पूड फुटते. तो म्हणाला, "तात्या, चोपण जमिनीचा धडा मीं कॉलेजांत वाचला, परीक्षेंत लिहिला, गुणही मिळविले. पण माझ्या सव्वा एकराला काय झालें आहे तें मला अजून सांगतां येत नाहीं. पुढें शिकावें असें वाटतें. राहुरीस जाऊन राहिलों तर दोन वर्षें शेत आणि गोठा कोणी पाहावा? घरीं राहून एम. एस्सी. होतां येईल का?"

चौकशी करून सांगतों, असें आम्हीं त्यास म्हटलें. त्या चौकशींत दोन महिने गेले. तींत जें हातीं लागलें तें इतर सभासद बंधूंच्या मुलांसही लागू पडण्यासारखें आहे. शिवाय त्यांतील एका गोष्टीविषयीं आमची स्पष्ट तक्रार आहे. म्हणून हा लेख.

त्याच्या प्रश्नाचें थेट उत्तर 'नाहीं' असें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें कांहीं विषयांची पदवी दूरस्थ अगर ऑनलाइन पद्धतीनें देण्यास मनाई केली आहे. त्या यादींत वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांच्या जोडीस शेतकी व फळबागशास्त्र हेही विषय आहेत. मनाईचें कारण असें कीं, हे विषय हातानें करून शिकावयाचे. ते टपालानें किंवा पडद्यावरून येत नाहींत. हें कारण खोटें नव्हे. कलमाचा डोळा कसा भरावा हें नुसतें पुस्तक वाचून कोणास आलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या घरीं रुग्णालय नसतें. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं शेत असतें. माती, पाणी, कीड आणि नुकसान हीं सर्व ज्याच्या दाराशीं आहेत त्याला प्रात्यक्षिकाची वाण नाहीं. त्याला वाण आहे ती शास्त्राची, मोजमापाची, आणि आपलें चुकलें कोठें हें दाखविणाऱ्या जाणत्या माणसाची. यादी करणारांनीं हा भेद ध्यानांत घेतलेला दिसत नाहीं.

असो. शेतकीची म्हणून पदवी घरीं मिळत नसली, तरी पदव्युत्तर शिक्षणाच्या सर्वच वाटा बंद नाहींत. दिल्लीचें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं निघालें आणि नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं. दोहोंकडे घरीं राहून एम. ए. ला बसतां येतें. दिल्लीकडे ग्रामीण विकास या विषयाची एम. ए. आहे, तींत एक प्रबंध लिहावा लागतो आणि दोन वर्षांचा शिक्षणक्रम चार वर्षांपर्यंत लांबवितां येतो.

२०२१ सालीं आयोगानें श्रेयांकांची एक पेढी काढली. सातारा-सांगलीकडच्या वाचकांस पतपेढीचा व्यवहार समजावून सांगावयास नको. ही पेढी तशीच, मात्र तींत पैशाऐवजीं अभ्यास जमा होतो. सुमारें ३० तासांचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक. मान्यताप्राप्त संस्थेंत एखादा विषय पुरा केला कीं त्याचे श्रेयांक खातीं पडतात, आणि सात वर्षांपर्यंत ते दुसऱ्या संस्थेच्या पदवीकडे वळते करतां येतात. अट एवढीच कीं, जिची पदवी घ्यावयाची तिच्याकडे निदान अर्धे श्रेयांक मिळविलेले असावे. केंद्र सरकारचें 'स्वयम्' हें ऑनलाइन विद्यालय २०१७ पासून चालू आहे. खरगपूरच्या आय. आय. टी. च्या प्राध्यापकांचे मृदाशास्त्र आणि सिंचन व निचरा हे पाठ तेथें झालेले आहेत. पाठ ऐकण्यास पैसे पडत नाहींत. परीक्षेस बसावयाचें असेल तरच फी. एका शिक्षणक्रमाचे शेंकडा ४० पर्यंत श्रेयांक तेथून घेण्यास विद्यापीठांना नियमानें मुभा आहे. ही मुभा आहे, सक्ति नव्हे. म्हणून अमुक पाठ तुम्ही धरतां कीं नाहीं, हें त्या विद्यापीठास आधीं लेखी विचारावें. तोंडी उत्तरावर विसंबूं नये.

आतां हिशेब पाहूं. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीस ८० श्रेयांक धरतात, म्हणजे २,४०० तास. रोज दोन तास दिले तर १,२०० दिवस, सुमारें सव्वातीन वर्षें. पण रोज दोन तास देणारा शेतकरी आम्हांस दाखवा. हळद शिजविण्याचे दिवस, उंसाला तोड आल्याचे दिवस, तासगांवकडे एप्रिलांतली खरड छाटणी आणि ऑक्टोबरांतली फळछाटणी, लग्नसराई, यात्रा. वर्षाचे शंभर दिवस असे गेलेच. मग हीच पदवी साडेचार वर्षांवर जाते आणि चार वर्षांची मुदत उलटते. यावर तोड अशी कीं, दहाएक श्रेयांकांचे सुटे विषय आधीं पेढींत टाकावे आणि मागून नांव नोंदवावें. बियाणें घरांत असल्याशिवाय आपण पेरणीचा दिवस धरीत नाहीं, तसेंच हें.

परंतु पदवी बेतणें म्हणजे केवळ तासांचा मेळ घालणें नव्हे. आमचे तरुण आधीं पदवीचें नांव निवडतात आणि मग तिचा उपयोग शोधीत फिरतात. शिंपी आधीं अंगाचें माप घेतो. आम्हीं त्या मुलास सांगितलें कीं, तुझा प्रश्न एका ओळींत लिहून आण. त्यानें लिहून आणलें : 'माझ्या सव्वा एकरांत पाणी खालून वर येतें, कीं वरून दिलेलें मुरत नाहीं?'

त्या ओळीपासून विषय आपोआप निघूं लागले. मातीच्या अर्काची विद्युत्वाहकता मीटरला ४ डेसीसीमेन्सच्या वर असेल तर जमीन खारवट. मातीला चिकटलेल्या सोडियमचें प्रमाण शेंकडा १५ च्या वर असेल तर चोपण. दोहोंचे उपाय निराळे. चोपणीस जिप्सम लागतें, पण निचरा नसेल तर तें घालून पैसे मातींत जातात. निचऱ्यासाठीं जमिनीखालून छिद्रें पाडलेल्या नळ्या टाकाव्या, तर त्यांचें पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून ओढ्याला न्यावें लागतें. शेजारी कबूल झाला पाहिजे, ओढा मोकळा पाहिजे, खर्च वांटून घेतला पाहिजे. येथें आम्हांस नवल वाटलें. प्रश्न मातीचा म्हणून आरंभ केला, आणि अर्ध्या वाटेवर तो सहकाराचा व अर्थशास्त्राचा होऊन बसला. वाळवें, पलूस, मिरज या तालुक्यांत ज्या जमिनी पाण्यानें बिघडल्या त्या एकेकट्या खातेदारानें सुधारण्यासारख्या नाहींत, हें अनेक वाचक अनुभवानें जाणतात. तेव्हां मृदाशास्त्र व निचरा हे विषय 'स्वयम्' वरून, पदवी ग्रामीण विकासाची, आणि प्रबंध आपल्याच ओढ्याच्या दोन्ही कांठच्या जमिनींच्या सामायिक निचऱ्यावर, असा बेत ठरला. नाइलाजानें धरलेली वाट प्रश्नाला अधिक जवळची निघाली.

या मार्गांत खड्डे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. 'स्वयम्' वरील शास्त्राचे बहुतेक पाठ इंग्रजींत आहेत.  बनावट संस्थाही पुष्कळ. २०२४ पासून दूरस्थ प्रवेशास आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो. तो न मागणाऱ्या दुकानदारास पैसे देऊं नयेत. तिसरा खड्डा आम्हीं स्वतः पाहिलेला आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं असाच एक शिक्षणक्रम घेतला होता. अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शक दोनदां दिसले. स्वाध्यायाच्या तयार वह्या जवळच्या दुकानीं विकत मिळत. आम्हींही एक आणून उतरवून काढली. पास झालों. प्रमाणपत्र अजून पेटींत आहे, आणि त्यांत काय शिकलों असें कोणी विचारलें तर आम्ही विषय बदलतों. दोष केंद्राचा होता तितकाच आमचाही. आमच्याजवळ प्रश्नच नव्हता, म्हणून वहीचें काम नकलेनें भागलें. स्वतःच्या ओढ्याचें पाणी मोजावयाचें असेल तर नक्कल कोणाची करणार?

कांहीं वडील मंडळी म्हणतात कीं, शेतकऱ्याला एवढी पदवी हवी कशाला? हा प्रश्न साताऱ्याच्या मातींत शोभत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. हातांतलें काम न सोडतां शिकतां येतें, हें त्यांच्या वसतिगृहांतील मुलांनीं राबून दाखविलें.

राहिली आमची तक्रार. शेतकीची पदव्युत्तर पदवी घरबसल्या सरसकट द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. तत्त्वभाग दूरस्थ असावा. प्रात्यक्षिकासाठीं वर्षांतून दोन पंधरवडे विद्यार्थ्यानें जवळच्या केंद्रांत राहावें. आणि उरलेलें प्रात्यक्षिक त्याच्या शेतांत होऊन तज्ज्ञानें तें बांधावर येऊन तपासावें. ठिकाणें नवीं उभारावयास नकोत. बोरगांव, कालवडे व कांचनपूर येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत, कसबे डिग्रजला संशोधन केंद्र आहे, आणि पाडेगांवचें ऊंस संशोधन केंद्र तर १९३२ पासून उभें आहे. आयोगाकडे व राहुरीच्या कृषि विद्यापीठाकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा मंडळाच्या कचेरींत ठेवला आहे. सभासदांनीं तो वाचावा, पटेल तर सही करावी, न पटेल तर कां तें लिहावें.

तो मुलगा आतां दुसऱ्या सत्राच्या अभ्यासाला लागला आहे. त्यानें सव्वा एकरांत तीन ठिकाणीं छिद्रांच्या नळ्या उभ्या पुरल्या आहेत. दर अमावास्येस व पौर्णिमेस दोरीला वजन बांधून आंत सोडतो आणि पाणी किती खोल आहे तें वहींत लिहितो. भाद्रपदांत तें अडीच फुटांवर होतें. ऊंसाला पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशीं तें दीड फुटांवर आलें. आणि शेजाऱ्यानें आपल्या उंसाला पाणी सोडलें त्या रात्रींही तितकेंच वर आलें. ती नोंद त्यानें शेजाऱ्याला दाखविली आहे. अद्याप दोघांचें बोलणें चालू आहे.