चंद्राचा खर्च आणि आपला हिशेब



चांद्रयानाचा विषय निघाला की महिला मंडळात एक वाक्य हमखास येतं, "आधी गरिबाच्या पोटाचं बघा!" मी कॉमर्सवाली, आधी आकडे मांडते. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये, देशात माणसं १४० कोटी. माणशी साडेचार रुपयेही नाहीत, तेही एकदाच.

आणि अवकाशाचा सगळा पैसा काही चंद्रावर जात नाही. १९९९ मध्ये ओडिशाच्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं. उपग्रहांची वादळावर नजर होती, इशारा वेळेत मिळाला, लाखो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. जे वाचले ते बहुतेक मच्छीमार, शेतकरी, मजूर, म्हणजे गरीबच ना? याला जीवदया नाही तर काय म्हणायचं?

गरिबांची काळजी खरीच असेल, तर आधी आपल्या लग्नांतल्या चाळीस पदार्थांच्या जेवणाचा हिशेब मांडू. उष्ट्या ताटांवर गप्प बसायचं आणि रॉकेटकडे बोट दाखवायचं, हे मला मुळीच पटत नाही.