बचत गेली गाळात!

मे महिना आला की तुमचाही पीसी विमानासारखा घोंगावतो? मग वॉटर कूलिंग अपग्रेड करायचा मोह होणारच. मलाही झाला. १२० मिलिमीटरचा रेडिएटर काढून ३६० चा बसवला. तीन फॅन, संथ गती, आवाज गायब. आपण एकदम खूश!

फक्त एक अतिशहाणपणा केला. प्रोसेसरवरचा ब्लॉक होता तांब्याचा आणि स्वस्तात मिळाला म्हणून रेडिएटर घेतला अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात म्हणजे चक्क बॅटरीच की! अ‍ॅल्युमिनियम गंजत गेलं, त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकला आणि वर्षभरात तापमान पुन्हा चढलं. शेवटी ब्लॉक आणि रेडिएटर, दोन्ही नवे घ्यावे लागले.

तेव्हा बॉस, आधी धातू जुळवा, मग रंगीबेरंगी लाइट्स बघा. नळाचं पाणी तर नकोच, तयार कूलंट भरा. भरल्यावर वीज फक्त पंपाला द्या, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी टिश्यू कोरडा असेल तरच मदरबोर्डला करंट!

आणि हो, खोलीत ३८ अंश असतील तर कितीही मोठा रेडिएटर पाणी त्याखाली नेणार नाही. तो काही फ्रिज नव्हे. बचत करायचीच असेल तर ती लाइट्सवर करा, धातूवर नको.