पदवीधरांचा आमदार

साहित्याच्या अभ्यासकाला विधान परिषद आठवते ती राज्यपालनियुक्त सदस्यांमुळे. ग. दि. माडगूळकर तेथे होते, ना. धों. महानोर होते. साहित्य, कला, विज्ञान, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणत्यांसाठी तेथे १२ जागा राखलेल्या आहेत, आणि त्या जागांवर कोणाला बसवावे यावरून जो गदारोळ होतो त्यात आपणही हौसेने भाग घेतो. त्याच सभागृहात पदवीधरांचे ७ आणि शिक्षकांचे ७ प्रतिनिधी बसतात, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. वास्तविक नियुक्त सदस्यांच्या निवडीत आपल्याला काडीचाही अधिकार नाही. या चौदांना निवडून देणारे मतदार मात्र आपणच, म्हणजे शिकलेले आणि शिकवणारे. त्यांपैकी एका आमदाराविषयी येथे लिहावे असे आम्हांस वाटते.

प्रा. बी. टी. देशमुख हे नाव विदर्भातील जुन्या प्राध्यापकांना सांगावे लागत नाही. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत, सगळ्या विदर्भावर पसरलेले होते. त्या विद्यापीठाच्या शिक्षकांची संघटना म्हणजे ‘नुटा’. देशमुखांचे नेतृत्व या संघटनेतून घडले. पुढे अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून ते विधान परिषदेवर गेले आणि सुमारे तीन दशके तेथे राहिले. कोणत्याही पक्षाचे ते उमेदवार नव्हते. मंत्रिपदाची आशा नाही, पक्षादेशाचा धाक नाही आणि पाठीशी पक्षाचे बळही नाही, अशा सदस्याच्या हाती सभागृहाचे नियम आणि अभ्यास एवढीच आयुधे उरतात. अभ्यासू सदस्य ही त्यांची ख्याती या आयुधांतूनच झाली. शिक्षकांचे वेतन व सेवाशर्ती हा त्यांच्या कामाचा एक भाग. दुसरा आणि आमच्या मते अधिक मोलाचा भाग म्हणजे विदर्भाच्या अनुशेषाचा पाठपुरावा.

‘अनुशेष’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. मागे राहिलेला, बाकी उरलेला भाग, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्याला मोजमापाचा काटेकोर अर्थ दिला तो १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीने. प्रा. वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काय आणि जिल्हा तिच्या किती खाली आहे, ती तूट भरून काढण्यास किती पैसा लागेल, याचा हिशेब समितीने मांडला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यांत विदर्भाचा १,२४६ कोटींहून अधिक, म्हणजे साधारण ३९ टक्के. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा हिशेब केला. तेव्हा सुधारित आकडा १४,००६ कोटींच्या पुढे गेला आणि त्यात विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटींचा, म्हणजे ४७ टक्क्यांचा झाला. रुपयाची किंमत घसरली म्हणून रक्कम फुगली असे म्हणता येईल. परंतु वाटा का वाढला, याचे उत्तर महागाईत सापडत नाही.

विदर्भावरील अन्यायाची भाषा नागपूर करारापासून, म्हणजे १९५३ पासून, चालत आलेली आहे. तिच्यात दुःख खरे आहे, पण एक उणीवही आहे. अन्यायाच्या तक्रारीला सत्ताधारी आश्वासनाने उत्तर देऊ शकतो. अनुशेषाला उत्तर द्यायचे तर आकडा द्यावा लागतो. आणि एकदा दिलेला आकडा पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतो. देशमुखांच्या राजकारणाचा गाभा आम्हांस येथे दिसतो. अॅड. मधुकरराव किंमतकर यांचे नावही याच संदर्भात आदराने घेतले पाहिजे. नागपूरच्या वर्तमानपत्रांत अनुशेषाचा विषय निघाला की ही दोन नावे जोडीने येत, ती काही उगाच नव्हेत.

या राजकारणाचा घटनात्मक आधार म्हणजे अनुच्छेद ३७१ (२). तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने सध्याच्या रूपात आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या व शासकीय नोकऱ्यांच्या पुरेशा संधी यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांकडे सोपवू शकतात, असे तो सांगतो. तशी मंडळे मागणारा ठराव राज्याच्या विधिमंडळाने १९८४ मध्ये केला. मंडळे आली १९९४ मध्ये. घटनेत वाक्य लिहिले जाणे आणि ते अंमलात येणे यांमध्ये ३८ वर्षे गेली. मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला पाहिजे, हेही त्याच अनुच्छेदात लिहिलेले आहे. अहवाल ठेवला जाईल. पण तो वाचणारा कोणी नसेल तर ठेवण्याला अर्थ काय? घटनेने गृहीत धरलेला हा वाचक सभागृहात असणे, एवढी एकच गोष्ट आमदाराच्या कारकिर्दीचे सार्थक करण्यास पुरेशी आहे.

आणि येथे आमच्या वाचकांचा संबंध येतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा, हे सगळे गद्याचेच प्रकार आहेत. चांगला तारांकित प्रश्न असा रचावा लागतो की मंत्र्याला ‘होय’ म्हटले तर कृती करावी लागेल, ‘नाही’ म्हटले तर कागद खोटा ठरेल. ‘तपासून पाहिले जाईल’ आणि ‘अमुक तारखेपर्यंत केले जाईल’ यांतील अंतर ओळखणे हे वाचनाचे कौशल्य आहे, आणि तेच आपण वर्गात शिकवतो असे म्हणतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे आपल्याकडील वर्णन मात्र मोर्चे, संत्री आणि हुरडा पार्ट्या यांच्यापलीकडे क्वचितच जाते. विधिमंडळाच्या कार्यवृत्तांकडे मराठी गद्य म्हणून पाहावे, हे आमच्या विद्यापीठीय विभागांना सुचलेले नाही.

अनुशेषाच्या या राजकारणाला मर्यादा नाहीत असे नाही. सरासरीचा हिशेब पैसे किती हवेत हे सांगतो. पाणी शेतापर्यंत पोहोचले का, हे सांगत नाही. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले तेव्हा त्याचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. म्हणजे खर्चाचा आकडा वाढणे आणि अनुशेष घटणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. शिवाय ‘विदर्भ’ हा एकच घटक धरून बोलताना नागपूर आणि गडचिरोली यांच्यातील दरी झाकली जाते. हे आक्षेप रास्त आहेत. परंतु त्यांतून निष्पन्न होते ते एवढेच, की हिशेब अधिक बारकाईने झाला पाहिजे. हिशेबच नको असे त्यांतून निघत नाही.

तीन दशकांनंतर देशमुख पराभूत झाले आणि त्यांची जागा भाजपचे डॉ. रणजित पाटील यांनी घेतली. २०२३ मध्ये ती पाटलांकडून काँग्रेसकडे गेली. नागपूर विभागातही २०२० मध्ये पदवीधरांची आणि २०२३ मध्ये शिक्षकांची जागा बदलली. शिक्षकांच्या निवडणुकीत जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न गाजला. मतदारांनी कोणाला निवडावे हा त्यांचा अधिकार आहे, आणि पक्षाचा माणूस अभ्यासू नसतो असेही आम्ही म्हणणार नाही. आमची खंत वेगळी आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने केली जाते. नमुना १८ किंवा १९ भरून नाव पुन्हा नोंदवावे लागते. हा कंटाळा जो शिकलेला माणूस करतो, त्याच्या वतीने नोंदणी पक्षांची यंत्रणा करून देते. मग उमेदवाराला मतदारांपेक्षा यंत्रणेची काळजी अधिक वाटली तर नवल कसले?

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्याच वर्षी आणि पुढच्याही वर्षी हिवाळी अधिवेशन नागपुरात न होता मुंबईत झाले. मंडळांचे पुनर्गठन व्हावे अशी शिफारस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. तोवर मंडळांविना दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मोजणारी संस्था गेली की मागणी पुन्हा अन्यायाच्या जुन्या भाषेकडे वळते, आणि ती भाषा ऐकून घेणे कोणत्याही सरकारला सोपे असते.

म्हणून पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला पदवीधरांनी वेतन आणि निवृत्तिवेतन यांबद्दल जरूर विचारावे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या अधिवेशनात आपल्या विभागासंबंधी सभागृहापुढे कोणता अहवाल ठेवला गेला, आणि तुम्ही तो वाचला आहे काय? उत्तर पारखायचे तर आपणही तो वाचलेला असला पाहिजे, एवढीच काय ती अडचण.